फॉरमॅट मारण्याआधी: लॅपटॉप सारखा क्रॅश का होतो, ते शोधायचं कसं

लॅपटॉप चालता चालता निळा पडदा दाखवून बंद पडला की दुरुस्तीच्या दुकानात ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘ठेवून जा, फॉरमॅट मारून देतो.’ संध्याकाळी लॅपटॉप परत मिळतो, काही दिवस बरा चालतो आणि मग पुन्हा तोच पडदा. यात नवल काही नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारी चिप विंडोजला वापरू देणारं सॉफ्टवेअर, बिघडलेला असेल, तर फॉरमॅटनंतर विंडोज बहुतेक वेळा तोच ड्रायव्हर पुन्हा उतरवून घेतं. चिपच खराब असेल, तर विंडोज कितीही वेळा नवं टाका, चिपला त्याचं सोयरसुतक नसतं. दोन्ही वेळा एक नुकसान मात्र हमखास होतं: क्रॅशच्या ज्या नोंदी विंडोजने जपून ठेवल्या होत्या, त्या पुसल्या जातात.

म्हणून क्रम असा ठेवू. आधी नोंदी वाचायच्या, त्यावरून संशयित ठरवायचा, मग एका वेळी एकच बदल करून लॅपटॉप नेहमीसारखा वापरून बघायचा. एका बैठकीत पाच गोष्टी बदलल्या आणि क्रॅश थांबला, तर कशाने थांबला हे कधीच कळत नाही. सगळं विंडोज ११ धरून लिहिलं आहे. विंडोज १० वर मेनूंची नावं थोडी इकडेतिकडे असतील, पण बहुतेक पायऱ्या त्याच.

आधी दोन कामं उरकून घ्या

पहिलं, कामाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर घ्या. दुसरं काम बहुतेक जण विसरतात, ते म्हणजे बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक ड्रायव्हरांवर चालणारं विंडोज) जाताना किंवा बायॉस (विंडोजच्याही आधी सुरू होणारं, बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर लॅपटॉप अचानक ४८ आकडी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर ‘डिव्हाइसेस’ या भागात सापडते. आत्ताच कागदावर उतरवून ठेवा, पण तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं?

‘क्रॅश होतो’ या एका शब्दात निदान चार वेगळे आजार लपलेले असतात.

पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि काम पुढे चालू राहतं, तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला होता आणि विंडोजने त्याला हलवून जागं केलं. निळा पडदा आणि त्यावर एक कोड दिसतो (२०२५ मधल्या अपडेटनंतर विंडोज ११ मध्ये हाच पडदा काळा झाला आहे), तर विंडोजच्या गाभ्यात किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये असं काही घडलं की पुढे चालणं धोक्याचं होतं. चित्र गोठतं, आवाज एकाच जागी घरघरत राहतो आणि पॉवर बटण दाबून ठेवावं लागतं, ही तिसरी तऱ्हा. यात नोंद बहुतेक वेळा अर्धवट राहते. चौथी तऱ्हा म्हणजे दिवे गेल्यासारखं क्षणात सगळं बंद. तिथे उष्णता, बॅटरी, चार्जर किंवा मदरबोर्डचा वीजपुरवठा बघायचा, सॉफ्टवेअरच्या मागे लागायचं नाही.

पडदा फक्त लुकलुकत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. बाकी सगळ्यासोबत टास्क मॅनेजरही लुकलुकला, तर दोष ड्रायव्हरकडे असण्याची शक्यता मोठी. तो एकटा स्थिर राहिला, तर एखादं अ‍ॅप गडबड करतंय. मायक्रोसॉफ्टनेच सुचवलेली ही खूण आहे.

पडदा काळा होऊन अडकला असेल, तर बटण दाबून बंद करण्याआधी विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून बघा. ‘बीप’ असा आवाज येतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी फाइल वाचते, आणि दोष ग्राफिक्सच्या बाजूला आहे असा पहिला इशाराही मिळतो.

दोन सेकंदांचा नियम

ग्राफिक्सचे क्रॅश समजून घ्यायचे तर विंडोज व्हिस्टापासून चालत आलेली एक यंत्रणा माहीत हवी. तिचं नाव टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी, थोडक्यात टीडीआर. विंडोज ग्राफिक्स चिपला काम देतं आणि घड्याळ लावून बसतं. ठरावीक मुदतीत, म्हणजे साधारण २ सेकंदांत, चिपने ते काम संपवलं नाही किंवा मध्ये सोडलंही नाही, तर ती अडकली असं मानून ड्रायव्हर नव्याने सुरू केला जातो. हाच तो क्षणभर काळा होणारा पडदा. ड्रायव्हर सावरलाच नाही, किंवा एका मिनिटात असं वारंवार झालं (मूळ मर्यादा ५ वेळा), तर विंडोज हात टेकतं आणि ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ हा कोड दाखवून बंद होतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पडदा अधूनमधून काळा होऊन परत येतो तेव्हा ‘चालतंय की’ म्हणून सोडू नका, निळ्या पडद्याची ती आगाऊ सूचना असते. दुसरी, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, जाऊन ही २ सेकंदांची मुदत वाढवण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या अ‍ॅपमध्ये जड रेंडर करणाऱ्याला त्याचा उपयोग असतो, कारण तिथे चिप खरोखरच लांबलचक कामात गुंतलेली असते. पण यूट्यूब बघताना क्रॅश होणाऱ्या लॅपटॉपवर मुदत वाढवली, तर क्रॅश जात नाही. दोन सेकंदांनी येणारा काळा पडदा दहा सेकंदांनी येतो, एवढंच.

नोंदी वाचण्याच्या तीन जागा

सोप्यापासून सुरुवात करू. स्टार्ट मेनूत इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप करा आणि ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. तारखांचा तक्ता दिसतो आणि बिघाडाच्या दिवशी लाल फुली. त्याच तक्त्यात कोणत्या दिवशी कोणतं अपडेट किंवा अ‍ॅप आलं, तेही असतं. निम्मी प्रकरणं इथेच उलगडतात असं माझं मत आहे, कारण पहिली लाल फुली आणि तिच्या आदल्या दिवशी आलेला ड्रायव्हर शेजारी शेजारी दिसतात. एक सावधगिरी: ‘लाइव्ह कर्नल इव्हेंट’ १४१ किंवा ११७ अशी नोंद असेल, तर तिच्यावर ‘हार्डवेअर एरर’ असं शीर्षक दिसतं. घाबरू नका. हे दोन्ही आकडे ग्राफिक्स चिप वेळेत उत्तर देऊ शकली नाही एवढंच सांगतात, आणि त्याला ड्रायव्हरही कारण असू शकतो.

दुसरी जागा इव्हेंट व्ह्यूअर. त्यात ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘सिस्टिम’. इथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल नोंद बघून कित्येक जण पॉवर सप्लाय बदलायला निघतात. ती नोंद फक्त एवढंच म्हणते की मागच्या वेळी लॅपटॉप रीतसर बंद झाला नव्हता. तिच्या ‘डिटेल्स’ या भागात ‘बगचेक कोड’, म्हणजे क्रॅशचा प्रकार सांगणारा आकडा, असतो, तो बघा. शून्य असेल, तर वीज तुटली, यंत्र पूर्ण गोठलं किंवा तुम्हीच बटण दाबून ठेवलं. २७८ म्हणजे वर सांगितलेला टीडीआर फेल्युअर. २८१ म्हणजे ‘व्हिडिओ शेड्युलर इंटर्नल एरर’, तोही ग्राफिक्सचा. १५९ म्हणजे झोपताना किंवा जागं होताना एखादा ड्रायव्हर अडला. ३०७ म्हणजे ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’, यात डिस्क आणि वायफायचे ड्रायव्हरही संशयित धरा. २९२ आला, तर प्रोसेसरकडून किंवा बोर्डकडूनच हार्डवेअरच्या चुकीची तक्रार आली आहे. इथे संशयाचा रोख बदलतो. याच यादीत ‘डिस्प्ले’ या नावाखाली ४१०१ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या, तर ड्रायव्हर किती वेळा पडून उठला याचा तो हिशेब आहे.

तिसरी जागा डम्प फाइल, म्हणजे क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची विंडोजने साठवलेली नोंद. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या आत ‘मिनिडम्प’ नावाचं फोल्डर असतं. ते रिकामं असेल, तर एखाद्या ‘सफाई’ करणाऱ्या अ‍ॅपने ते झाडून टाकलं असण्याची शक्यता आहे. अशी अ‍ॅप्स तपास संपेपर्यंत तरी बंद ठेवा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी हे मोफत साधन घ्या, प्रशासक म्हणून उघडा, डम्प फाइल दाखवा आणि पडद्यावर ‘अ‍ॅनालाइझ’ची जी निळी लिंक येते तिच्यावर क्लिक करा. भरमसाट मजकूर येईल. त्यातली ‘इमेज नेम’ आणि ‘प्रोसेस नेम’ या दोनच ओळी शोधा.

इमेज नेममध्ये ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ अशी अक्षरं असतील, तर तो एनव्हिडियाचा ड्रायव्हर. ‘एएमडीकेएमडीएजी’ एएमडीचा, आणि ‘आयजीडीकेएमडी’ने सुरू होणारं नाव इंटेलचं. ‘एनटीओएसकेआरएनएल’ दिसलं, तर त्याला दोषी धरू नका. तो विंडोजचा गाभा आहे, आणि प्रेत त्याच्या दारात सापडलं म्हणून खून त्याने केला असं होत नाही. एका डम्पवर निकाल देऊ नका, तीन-चार बघा. प्रत्येक वेळी एकच नाव येत असेल, तर संशयित पक्का. दर वेळी नवं नाव आणि नवा कोड येत असेल, तर सगळे ड्रायव्हर एकदम बिघडण्यापेक्षा रॅम खराब असण्याची शक्यता जास्त. मग ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ चालवा, आणि त्यावर समाधान झालं नाही तर मेमटेस्ट ८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवा.

ग्राफिक्स ड्रायव्हर दोषी निघाला, तर

आधी ‘शट डाउन’ सोडून ‘रिस्टार्ट’ करून बघा. यात गंमत आहे. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केलं, की विंडोज आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. रोज रात्री लॅपटॉप ‘बंद’ करणाऱ्याचा बिघडलेला ड्रायव्हर आठवडाभर तसाच असू शकतो. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

क्रॅश नुकत्याच आलेल्या अपडेटनंतर सुरू झाले असतील, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’खालच्या नावावर डबल क्लिक करा आणि ‘ड्रायव्हर’ या भागात ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ते बटण फिकं असेल, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही.

त्याने भागलं नाही, तर ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाकायचा. क्रम चुकवू नका:

१. लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवरून तुमच्या अचूक मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. मॉडेल क्रमांक तळाच्या स्टिकरवर असतो.

२. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हे मोफत साधन त्याच्या मूळ वेबसाइटवरून घ्या.

३. इंटरनेट तोडा. हे राहिलं, तर तुम्ही जुना ड्रायव्हर काढताच विंडोज स्वतःच्या पसंतीचा टाकून मोकळं होतं.

४. शिफ्ट दाबून ठेवून ‘रिस्टार्ट’ करा. ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, पुन्हा रिस्टार्ट आणि मग ४ हा आकडा. सेफ मोडमध्ये कधी कधी पिन चालत नाही, खात्याचा पासवर्ड माहीत असू द्या.

५. डीडीयूमध्ये आपल्या चिपची कंपनी निवडा आणि ‘क्लीन अँड रिस्टार्ट’ करा. पडदा मोठ्या अक्षरांचा आणि ओबडधोबड दिसेल. तसाच दिसायला हवा, कारण आता विंडोजचा प्राथमिक ड्रायव्हर चालू आहे.

६. उतरवलेला ड्रायव्हर टाका, रिस्टार्ट करा, मगच इंटरनेट जोडा.

लॅपटॉप इतका बिघडलाय की विंडोज उघडतच नाही? सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा. लागोपाठ असं दोन-तीन वेळा झालं की विंडोज आपणहून दुरुस्तीचा निळा मेनू दाखवतं, आणि तिथून वरच्याच वाटेने सेफ मोड गाठता येतो.

चिपच्या कंपनीचा सर्वात नवा ड्रायव्हर घ्यावा की लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला जुना? माझा कल जुन्याकडे आहे, विशेषतः दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपांत. तिथे प्रोसेसरमधली छोटी चिप आणि स्वतंत्र मोठी चिप एकमेकींकडे काम सोपवत असतात, आणि ही जोडी लॅपटॉपच्या कंपनीने त्या विशिष्ट बोर्डावर तपासलेली असते. नवे गेम खेळणाऱ्याला नवा ड्रायव्हर लागतो, मान्य. पण एक्सेल, झूम आणि थोडं फोटोशॉप एवढंच काम असेल, तर दर महिन्याच्या ड्रायव्हरच्या मागे धावू नका. एनव्हिडिया असेल, तर ‘गेम रेडी’ऐवजी ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर निवडा.

अशा लॅपटॉपात एक फार उपयोगी चाचणी करता येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मोठ्या चिपवर उजवं क्लिक करून ‘डिसेबल डिव्हाइस’ करा आणि काही दिवस छोट्या चिपवर काम चालवा. क्रॅश पूर्ण थांबले, तर दोष मोठ्या चिपच्या बाजूला आहे. मात्र बऱ्याच लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट मोठ्या चिपलाच जोडलेला असतो, त्यामुळे या काळात बाहेरचा मॉनिटर चालला नाही तर दचकू नका. उलट बाजूने, फक्त मॉनिटर किंवा प्रोजेक्टर लावल्यावरच क्रॅश होत असेल, तर आता कारण लक्षात आलं असेल.

क्रॅश एकाच अ‍ॅपमध्ये होतोय का, तेही बघा. क्रोममध्ये व्हिडिओ बघतानाच होत असेल, तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खालचं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’ आणि मग ‘ग्राफिक्स’ इथे कोणतं अ‍ॅप कोणत्या चिपवर चालावं, ते ठरवता येतं. चिपचा वेग वाढवणारी किंवा व्होल्टेज कमी करणारी साधनं टाकली असतील, तर ती काढा. मूळ वेगावर क्रॅश होतो की नाही हे आधी कळायला हवं.

ग्राफिक्स निर्दोष सुटलं, तर

गाभ्यात शिरून काम करणारं कोणतंही सॉफ्टवेअर अख्खं विंडोज पाडू शकतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकवली. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ना कोणाची चिप जळाली होती, ना विंडोज बिघडलं होतं. म्हणून संशयितांच्या यादीत अँटिव्हायरस (दोन असतील तर नक्कीच), व्हीपीएन, गेमचं अँटि-चीट, आणि ऑफिसच्या लॅपटॉपात जुन्या डाँगलचे किंवा प्रिंटरचे ड्रायव्हर धरा.

असे जुने ड्रायव्हर शोधायची एक वाट फारशी कोणी वापरत नाही. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘डिव्हाइस सिक्युरिटी’मध्ये ‘कोअर आयसोलेशन’चा तपशील बघा. ‘मेमरी इंटेग्रिटी’ चालू करायचा प्रयत्न केला, की न जुळणाऱ्या ड्रायव्हरांची यादी विंडोज नावानिशी देतं. कोणे एके काळी घेतलेल्या आणि कधीच फेकून दिलेल्या यूएसबी उपकरणाचा ड्रायव्हर तिथे सापडतो.

विंडोजच्याच फाइल्सवर संशय असेल, तर टर्मिनल प्रशासक म्हणून उघडा. पहिली आज्ञा डीआयएसएम; तिच्यापुढे स्लॅश ऑनलाइन, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. ती संपली की दुसरी: एसएफसी, स्लॅश स्कॅननाऊ. सगळं इंग्रजी अक्षरांत, आणि प्रत्येक स्लॅशआधी एक स्पेस. क्रम हाच ठेवा, कारण पहिली आज्ञा सुट्या भागांचं कोठार दुरुस्त करते आणि दुसरी त्याच कोठारातून भाग घेऊन बसवते. पण डम्पमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव स्पष्ट आलेलं असताना या आज्ञा पुन्हा पुन्हा चालवण्यात वेळच जातो.

यानेही भागलं नाही, तरी फॉरमॅट लगेच नको. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, मग ‘रिकव्हरी’. तिथे ‘फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट’ हा पर्याय बघा. तो सध्याचं विंडोज नव्याने बसवतो, पण तुमच्या फाइल्स, अ‍ॅप्स आणि सेटिंग्ज जागच्या जागी ठेवतो.

चिपच गेली असेल, तर

विंडोज सुरू होण्याआधी, म्हणजे कंपनीचं बोधचिन्ह दिसतानाच किंवा बायॉसमध्ये, रंगीत चौकोन किंवा रेघा उमटत असतील, तर कोणत्याही ड्रायव्हरचा संबंध नाही. तो अजून सुरूच झालेला नसतो. बाहेरचा मॉनिटर लावा. रेघा फक्त लॅपटॉपच्या पडद्यावर असतील, तर पडदा किंवा त्याची केबल. दोन्हीकडे असतील, तर चिप.

सेफ मोडमध्ये क्रॅश होत नाही म्हणून चिप ठणठणीत आहे असं मानू नका, कारण तिथे तिच्याकडून जवळपास कामच घेतलं जात नाही. खरी कसोटी म्हणजे उबुंटूची (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्ह. इन्स्टॉल न करता ‘ट्राय उबुंटू’ने लॅपटॉप सुरू करा आणि तास-दोन तास ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवा. ऑपरेटिंग सिस्टिमही वेगळी, ड्रायव्हरही वेगळा, तरी तसाच गोठला, तर दोष हार्डवेअरचा. विंडोजमध्ये काम करताना एचडब्ल्यूइन्फोसारख्या साधनात तापमानावर लक्ष ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात, गादीवर ठेवलेल्या आणि वर्षानुवर्षं पंखा साफ न केलेल्या लॅपटॉपला यातल्या कोणत्याही पायरीआधी ब्लोअरची गरज असते.

चिपच्या सांध्यांचे दोष नवे नाहीत. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपांतल्या काही चिपांच्या सदोष पॅकेजिंगपायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती, आणि २०११ च्या काही मॅकबुक प्रोंमधल्या ग्राफिक्सच्या दोषासाठी अ‍ॅपलला २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना आणावी लागली.

दुकानात अशा चिपसाठी तीन उपाय सुचवतात. हीट देणं, म्हणजे गरम हवेने चिप तापवणं: स्वस्त, आणि बहुतेक वेळा थोड्याच दिवसांचा दिलासा. रीबॉलिंग, म्हणजे चिप उचलून खालचे सोल्डरचे मणी नवे बसवणं: दोष मण्यांत असेल तरच टिकतं, चिपच्या आत असेल तर नाही. तिसरा, चिप किंवा अख्खा मदरबोर्ड बदलणं. पैसे देण्याआधी यातलं नेमकं काय करणार आणि त्यावर किती महिन्यांची हमी, हे बिलावर लिहून घ्या. लॅपटॉप वॉरंटीत असेल, तर कोणत्याही दुकानात उघडू न देता सर्व्हिस सेंटरला न्या, आणि रिलायबिलिटी हिस्टरीचे स्क्रीनशॉट, बगचेक कोड आणि उबुंटूवर गोठलेल्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सोबत ठेवा. काउंटरवर लॅपटॉप नेमका शहाण्यासारखा चालतो, तेव्हा हेच दाखवावं लागतं.